तीन मुद्द्यांच्या आधीचं हसू

माझा मुलगा विलायतेत लोकांची टवाळी करून पोट भरतो. मी हे असंच सांगतो, कारण दुसऱ्या कुठल्याही पद्धतीनं सांगितलं तरी ऐकणारा शेवटी इथेच येऊन पोचतो. 'टेलिव्हिजनवर उपहासाचे कार्यक्रम लिहितो, करतो, आता सिनेमाही केलाय,' असं म्हटलं की बंगलोरच्या राजाजीनगरातले माझे जुने सहकारी आधी कौतुकानं मान डोलावतात आणि मग हळूच विचारतात, "म्हणजे नोकरी अशी नाही?"

आशयला आम्ही इंजिनिअर केलं होतं. मी सोलापूर सोडून बंगलोरला आलो, इथल्या सरकारी कारखान्यात रडारच्या विभागात जन्म काढला, आणि पोरानंही अशीच एखादी सरळ रेघ ओढावी असं मला वाटत होतं. तो पुढं शिकायला इंग्लंडला गेला. डिग्री घेतली, ती आम्हाला पोस्टानं पाठवून दिली, आणि स्वतः दारूच्या गुत्त्यात उभा राहून विनोद सांगायला लागला. तिकडे त्याला पब म्हणतात, त्यामुळे प्रतिष्ठा असते. आधी पब, मग रेडिओसाठी लिखाण, मग दुसऱ्यांच्या कार्यक्रमात मागे उभं राहणं, आणि एके वर्षी त्याचा स्वतःचा कार्यक्रम आला. नाव 'फॉरेन एड'.

युक्ती साधी होती. ब्रिटन हा मागासलेला देश आहे. गाड्या वेळेवर येत नाहीत, नद्यांत मैला सोडतात, दवाखान्यात नंबर लागत नाही. तेव्हा त्यांचा विकास करायला बंगलोरहून एक सल्लागार येतो. बिनबाह्यांचा स्वेटर, खिशाला दोन पेनं, हातात रेक्झिनची बॅग, बॅगेत डबा. नाव मिस्टर हुद्देदार, आणि तो आशय स्वतःच. तो मंत्र्यांना, बँकवाल्यांना, लॉर्ड लोकांना भेटतो आणि अतिशय नम्रपणे विचारतो, ही प्रथा आपल्याकडे किती जुनी आहे? गावकऱ्यांचा विरोध होत नाही का? समोरच्याला चिडायला जागाच मिळायची नाही, कारण हुद्देदार बिचारा मदत करायला आलेला. तिथल्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, की इतक्या सभ्यपणे कान उपटणारा माणूस बऱ्याच दिवसांत झाला नाही.

हुद्देदार हे माझ्या आईचं माहेरचं आडनाव. बाकी सगळा मी.

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पहिला भाग आम्ही दोघं नवरा-बायको घरी लॅपटॉपवर बघत होतो. हुद्देदारांनी बसण्याआधी खुर्ची हलवून पाहिली, टेबलावर बोटानं टकटक केलं, पाण्याचा ग्लास डावीकडून उजवीकडे ठेवला. मी कल्पनाला म्हणालो, "हा गृहस्थ ओळखीचा वाटतो." तिनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "न्हाणीघरात आरसा आहे, जाऊन या." मला राग आला असेल असं लोकांना वाटतं. तसं काही झालं नाही. फक्त स्वेटरचा रंग चुकला होता. माझा तपकिरी आहे, त्यानं करडा घातला होता.

एक सांगायला हवं, मी हसणारा माणूस नाही. विनोद मला कळतो, पण तो कळला की माझं काम संपतं. हसण्याचं खातं आमच्या घरात कल्पनाकडे होतं आणि ती दोघांच्या वाटचं हसायची. तिचं हसणं लगेच येत नसे. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी जसा बारीक सूर लागतो, तसा आधी नाकातून एक सूर यायचा, आणि मग एकदम मोकळं. फोटोत मात्र ती कायम ताठ. लग्नाच्या व्हिडिओंमध्ये कोणी कॅमेरा समोर धरून "काकू, काहीतरी बोला" म्हटलं, की वाढलेल्या पानाकडे बघत राहायची.

माझी एक सवय आहे. कोणत्याही गोष्टीवर मत विचारलं की मी आधी चष्मा काढतो. उजवी काच पुसतो, मग डावी पुसतो, मग चष्मा उजेडाकडे धरून बघतो. मग तो घालतो आणि म्हणतो, "माझं यावर काहीच म्हणणं नाही. फक्त तीन मुद्दे आहेत." फ्रीज नवा घ्यायचा का, आशयला इंग्लंडला पाठवायचं का, मांजराला घरात घ्यायचं का, सगळ्याला तीन मुद्दे. कल्पना मुद्द्यांपर्यंत थांबतच नसे. मी चष्मा उजेडाकडे धरला की तिचा नाकातला सूर सुरू व्हायचा. ती हसायला लागली की माझे मुद्दे वाहून जायचे आणि फ्रीज यायचा.

आशयनं हे सगळं तसंच्या तसं उचललं.

आम्ही दोघं लंडनला गेलो तेव्हा त्यानं आम्हाला एका भागाच्या चित्रीकरणाला नेलं. स्टुडिओत चढत्या पायऱ्यांवर प्रेक्षक बसवतात आणि त्यांचं खरं हसणं कार्यक्रमाबरोबर टिपून घेतात. आम्हाला वरच्या रांगेत, कडेला जागा मिळाली होती. त्या दिवशी हुद्देदारांसमोर एक माजी मंत्री होते. रुळांवर झाडांची पानं पडल्यामुळे गाड्यांना उशीर होतो, असं ते समजावून सांगत होते. हे तिकडचं खरंच कारण आहे. हुद्देदारांनी शांतपणे ऐकून घेतलं. चष्मा काढला. उजवी काच. डावी काच. सगळा स्टुडिओ गप्प. त्यांनी चष्मा उजेडाकडे धरला, आणि माझ्या उजव्या कानाशी सूर लागला.

एवढ्या माणसांत ती एकटी हसली. विनोद अजून झालाच नव्हता.

आणि खाली, काच धरलेल्या हुद्देदारांनी वर बघितलं. निमिषभरच. तो हुद्देदार नव्हता. शाळेतून येताना कोपऱ्यावर वळला की आई गच्चीत आहे ना, हे जो पोरगा वर बघून खात्री करून घ्यायचा, तो होता. मग त्यानं मान खाली घातली, चष्मा चढवला आणि इंग्रजीत म्हणाला, माझं यावर काहीच म्हणणं नाही, फक्त तीन मुद्दे आहेत. पहिला, झाडांना लेखी कळवलं होतं का? स्टुडिओ हसून कोसळला. मंत्री म्हणाले, माझ्या माहितीप्रमाणे नाही.

मधल्या सुट्टीत कानाला बोलायचं यंत्र लावलेली, चित्रीकरण सांभाळणारी एक मुलगी पायऱ्या चढून आमच्याकडे आली. विनोदाच्या आधी हसणं ही त्या धंद्यात मोठी चूक असते, सगळं पुन्हा करावं लागतं. ती गुडघ्यांवर बसून गोड आवाजात कल्पनाला म्हणाली, "मॅडम, तेव्हा अजून काही झालं नव्हतं." कल्पनानं आपल्या मोडक्या इंग्रजीत तिला सांगितलं, "मला पुढचं माहीत आहे ना." आशय म्हणाला, पुन्हा करायचं नाही, हेच राहू दे. आणि ते राहिलं.

दोन वर्षांपूर्वी कल्पना गेली. सकाळी कॉफीचं डिकॉक्शन उतरायला ठेवून ती आंघोळीला गेली आणि मी पेपर वाचत होतो. हृदय, असं डॉक्टर म्हणाले. आशय आला, तेराव्यापर्यंत राहिला, परत गेला. मागे उरलो मी आणि चार खोल्या.

खालच्या मजल्यावर पद्मावतीअक्का राहतात. मूळच्या निपाणीच्या, त्यांचे यजमान आमच्याच कारखान्यात होते, तेही आता नाहीत. एके दुपारी त्या भाजीची वाटी घेऊन वर आल्या आणि दारातच थांबल्या. "अण्णा," त्या म्हणाल्या, "रागावू नकासा. खाली मला कल्पनाअक्का हसल्यागत ऐकू आलं वो."

मी त्यांना आत बोलावून लॅपटॉप दाखवला. झालं असं होतं, की फोटोकडे बघून मला काही व्हायचं नाही, फोटोतली बाई कोणीतरी दुसरीच होती. पण 'फॉरेन एड'चा तो भाग लावला की काच उजेडाकडे जायची आणि ती यायची. मी तिच्या शेजारीच बसलेलो होतो त्या ध्वनिमुद्रणात. माझं गप्प बसणंही त्यात कुठंतरी असणार, पण ते कोणाला ऐकू येत नाही. म्हणून रोज दुपारी जेवण झालं की लोक वामकुक्षी करतात तसा मी तो भाग लावायचो, तिचं हसणं ऐकायचो आणि बंद करायचो. बाकी कार्यक्रम मला पाठ होता. अक्कांनी ते ऐकलं, डोळे पुसले आणि खाली गेल्या. त्यानंतर त्या वेळेला खाली त्यांचा मिक्सर चालू असला तर त्या तो बंद करायच्या.

मग यंदा उन्हाळ्यात एके दुपारी मी तो भाग लावला. उजवी काच, डावी काच, उजेड. काहीच नाही. स्टुडिओ गप्प राहिला, हुद्देदारांनी वर बघितलं, मान खाली घातली, तीन मुद्दे सांगितले आणि लोक हसले.

मी इंजिनिअर माणूस. आधी यंत्रावर संशय घ्यायचा, मग माणसावर. लॅपटॉप बंद करून चालू केला. कान साफ केले. दुसऱ्या दिवशी बस पकडून इथल्या शिवाजीनगरला गेलो, तिथल्या एका गाळ्यात नवा स्पीकर जोडून घेतला आणि दुकानदारासमोरच तो भाग लावला. तो बिचारा शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला आणि म्हणाला, "स्पीकर सरी इदे सार." स्पीकर ठीक आहे. ते मला आधीच कळलं होतं. वाक्य वाक्य स्वच्छ ऐकू येत होतं, आधीपेक्षा स्वच्छ. घरी येऊन नीट बघितलं तेव्हा दिसलं, कार्यक्रमाचे सगळे जुने भाग झाडून-पुसून, चित्र आणि आवाज साफ करून नव्यानं टाकले होते. जुने काढून टाकले होते. त्या साफसफाईत कल्पनाही गेली होती. तिच्या हसण्याला दिलेली ती नजर तेवढी राहिली होती, आता ती नुसतीच वर जात होती आणि रिकामी परत येत होती.

तुम्ही म्हणाल, एवढं होतं तर उतरवून का ठेवलं नाही? मिक्सरचं गॅरंटी-कार्डसुद्धा मी फाइल करून ठेवलेलं आहे. पण हे रोज मिळत होतं. नळाला पाणी असताना हंडा कोण भरून ठेवतो? नळ दोन-दोन दिवस कोरडा असतो त्या बंगलोरमध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसानं हे विचारावं, म्हणजे कमाल आहे.

मी आशयला फोन केला. म्हणालो, त्या भागातून आईचं हसणं गेलंय. कोणता भाग, हे त्यानं विचारलं नाही. मग तो म्हणाला, "बाबा, आत्ता स्वल्प गडबड आहे. मी पुढच्या महिन्यात येतोच आहे ना, तेव्हा बोलू." हुद्देदारांवर त्यानं सिनेमा काढला होता. लंडनला तो लागून झाला होता आणि आता बंगलोरला त्याचा एक खेळ होणार होता. त्याला दोन दिवस मिळाले होते, त्यातला पहिला त्यानं घराला दिला.

तो शनिवारी दुपारी जेवायला आला. हॉटेलात उतरला होता, सिनेमावाल्यांनी सोय केली होती म्हणे. मी भरली वांगी केली होती, कल्पनाच्या हातची व्हायची तशी नाही, पण खाण्याजोगी. तो बारीक झाला होता, कानांवरचे केस पांढरे झाले होते. हसवणारी माणसं घरी फार गप्प असतात. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे यायचे तेव्हा त्यांना वाटायचं हा आता काही तरी गंमत करील, आणि हा ताटातलं मीठ चिमटीत घेऊन बसायचा. ताक वाढून झाल्यावर मी विषय काढला. म्हटलं, ही साफसफाई करणारे कोण लोक असतात, त्यांना पत्र लिहावं म्हणतो.

"त्यांनी नाही काढलं," तो म्हणाला. "मी काढलं."

मी ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"सिनेमाची सुरुवातच त्या सीननं आहे, बाबा. म्हणून तो मला एडिट करावा लागला. एडिट करताना एकच तुकडा सारखा मागे-पुढे न्यावा लागतो. ती हसते. थांबवा. मागे न्या. ती परत हसते. आवाज थोडा वर. परत हसते." त्यानं पाण्याचा ग्लास डावीकडून उजवीकडे ठेवला. "पूर्ण दिवस. शेजारी साउंडचा पोरगा बसलेला, त्याला काय सांगणार? शेवटी मी त्याला म्हणालो, हे काढ. तो खूश झाला, म्हणाला, चूकच होती ती. मग जुने एपिसोड साफ करताना तेच वापरलं त्यांनी. मला नाही ऐकवत, बाबा. मला वाटलं, कुणाच्या लक्षातही येणार नाही."

"मी रोज ऐकत होतो," मी म्हणालो. "दुपारी. जेवण झाल्यावर."

"रोज?"

"हो."

"मला माहीत नव्हतं."

"मी सांगितलं नव्हतं. आणि ती नजर का ठेवलीस?"

"ती काढता येत नाही. चष्मा पुसायचा तो सगळा एकच शॉट आहे, मध्ये कापला तर सीनच जातो." मग तो खाली बघून म्हणाला, "सिनेमा आता लॉक झालाय. त्यात काही करता येणार नाही. जुनं ओरिजिनल कंपनीकडे कुठंतरी असेल. बघतो मी."

सरकारी कारखान्यात मी अख्खी हयात 'बघतो' म्हणण्यात घालवली आहे. त्याचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नाही. पण तेवढ्यात तो ताट घेऊन मोरीकडे गेला आणि एकच ताट तो किती तरी वेळ घासत राहिला. पाण्याचा नळ सोडलेला, पाठ माझ्याकडे. मला ते हसणं हवं होतं आणि त्याला ते सहन होत नव्हतं. एकाच बाईचं हसणं, त्याची आमच्यात वाटणी कशी करायची हे मला कळेना. चष्मा काढावा असंही वाटलं नाही. माझ्याकडे एकही मुद्दा नव्हता.

जाताना त्यानं मला खेळाचे दोन पास दिले. एक माझा. दुसरा त्यानं सवयीनं काढला असावा, हातात दिल्यावर त्याच्याही लक्षात आलं. मी म्हटलं, पद्मावतीअक्कांना आणतो.

रविवारी सकाळचा खेळ होता. सभागृह नवं होतं, मारतहळ्ळीकडची कंपन्यांत काम करणारी तरुण मुलं हातात कॉफीचे कागदी पेले घेऊन आली होती. अक्का ठेवणीतली इरकल नेसून आल्या होत्या आणि थंडीनं पदर लपेटून घेत होत्या. आम्हाला पुढं, मधोमध जागा राखून ठेवली होती. मी ती घेतली नाही. पडद्यावरचा माणूस वर, कडेला जिथं बघतो, ती जागा मला माहीत होती. रडारवर आयुष्य काढलेल्या माणसाला तेवढा अंदाज येतो. मी अक्कांना वरच्या रांगेत उजव्या कडेला घेऊन गेलो. "अण्णा, खाली एवढी चांगली खुर्ची हाय की," त्या कुरकुरल्या. मी म्हटलं, इथून बरं दिसतं. माझा काही बेत नव्हता. जिथं बसलो होतो तिथं पुन्हा बसावं, एवढंच होतं.

आशय सुरुवातीला दोन शब्द बोलला, लोक हसले, मग तो खालच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. पडद्याकडे पाठ आणि प्रेक्षकांकडे तोंड. हसवणाऱ्या लोकांची ही रीत असते, ते सिनेमा बघत नाहीत, बघणाऱ्यांना बघतात. अंधार झाला.

माजी मंत्र्यांनी पानांचं कारण सांगितलं. हुद्देदारांनी ऐकून घेतलं. चष्मा काढला. मला एवढ्या मोठ्या पडद्यावर ते बघायची सवय नव्हती, माझेच हात एवढाले होऊन समोर आले. उजवी काच. डावी काच. सभागृहात एसीचा घों घों आवाज तेवढा येत होता. आणि तेव्हा माझ्या मनात आलं, आता हा वर बघणार. हा पोरगा आता वर बघणार, आणि तिथं कोणी नसणार. माझी दुपार, माझं ऐकणं, ते सगळं राहू दे बाजूला. पण त्यानं वर बघावं आणि आईच्या जागी कोणीच नसावं, हे मला काही केल्या सोसेना. काच उजेडाकडे गेली, आणि मी हसलो.

दोन दिवस पाणी नसलेला नळ पुन्हा चालू होताना आधी हवा खोकतो, तसं काहीसं ते झालं. खरखरीत, उंच, एकट्याचं. पुढच्या रांगेतली मुलं वळून बघायला लागली. आणि पडद्यावर आशयनं मान उचलली आणि सरळ आमच्याकडे बघितलं.

अक्कांनी माझं कोपर धरलं. "अण्णा, का हसलासा वो? अजून काय झालंच न्हाई की!"

"मला पुढचं माहीत आहे," मी म्हणालो.

मग झाडांना लेखी कळवलं होतं का, हे विचारून झालं, आणि सगळं सभागृह हसलं. खाली दारापाशी उभा असलेला आशय मात्र हसत नव्हता. तोही वर बघत होता, त्याच जागेकडे. थोड्या वेळानं कडेच्या पायऱ्या चढून तो अंधारात आमच्यापर्यंत आला आणि माझ्या खुर्चीला लागून पायरीवर बसला. उरलेला सिनेमा त्यानं तिथंच बसून पाहिला. त्याचा हात माझ्या गुडघ्यावर होता. हात गार होता. मधे कधीतरी त्याचे खांदे हलत होते ते विनोदामुळे नव्हे, हे मला कळत होतं.

रात्रीच्या विमानानं तो गेला. निघताना म्हणाला, "ते ओरिजिनल मी शोधतो, बाबा." 'बघतो' म्हणाला नाही, 'शोधतो' म्हणाला. मिळेल किंवा मिळणार नाही.

सोमवारी दुपारी मी वरण-भात खाल्ला, भांडी घासली आणि लॅपटॉप उघडला. खाली अक्कांचा मिक्सर चालू होता, चटणी वाटत असाव्यात. मी तो भाग लावला. उजवी काच झाली, डावी झाली. काच उजेडाकडे गेल्यावर मी एकटाच त्या खोलीत मोठ्यांदा हसलो, आणि त्यानं वर बघितलं.

खाली मिक्सर बंद झाला.